बुधवारचा रकाना

लोणारच्या विरोधात मी तीनदा मत दिलं. तिन्ही वेळा माझे मुद्दे बिनतोड होते आणि तिन्ही वेळा खरं कारण मी सांगितलं नाही. ते आज लिहून टाकते.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या परिषदेची. विषय अशनी आणि ग्रहविज्ञान, ठिकाण छत्रपती संभाजीनगर, पाहुणे पंधरा-सोळा देशांतले, आणि मी स्थानिक आयोजन समितीची कार्यवाह. कार्यवाह म्हणजे लग्नघरातली मामी. हार तिच्या गळ्यात कोणी घालत नाही, पण कोठीघराची किल्ली तिच्याच कमरेला असते. परदेशी पाहुण्यांना परिषदेचा व्हिसा मिळायचा तर आधी परराष्ट्र आणि गृह या दोन्ही मंत्रालयांची मंजुरी आयोजकांनी आणायची असते, ती आणली. पोस्टरचे फळे किती उंच, कोणाला ग्लुटेन चालत नाही, कोण वीगन, कोण जैन, कोणाला विमानतळावरून रात्री दोनला आणायचं, या सगळ्याचे रकाने माझ्या एक्सेलमध्ये होते. रकाने भरण्यात मी तरबेज आहे. माणसांपेक्षा रकान्यांशी माझं जास्त पटतं असं आमच्या घरी म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही.

त्या एक्सेलमध्ये एक चौकट रिकामी होती. बुधवार, दुपारी दोन ते सहा.

आमच्या क्षेत्रात बुधवारची दुपार मोकळी ठेवायची जुनी पद्धत आहे. १९३३ साली शिकागोत स्थापन झालेल्या मिटिऑरिटिकल सोसायटीची दरवर्षी वेगळ्या देशात परिषद भरते. तिथंही सोमवार-मंगळवार भाषणं ऐकून कान किटले की बुधवारी दुपारी सगळे कुठंतरी बाहेर पडतात. आमच्या समितीतले ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे नुसतं ‘सर’ म्हणतो, त्यांनी पहिल्याच बैठकीत त्या चौकटीवर बोट ठेवलं. “इथं लोणार. दुपार पुरणार नाही, पूर्ण बुधवारच देऊ.”

मी नाही म्हटलं. कारण तयार होतं: हिशेब. एका शोधनिबंधाला पंधरा मिनिटं, बारा बोलायला आणि तीन प्रश्नांना. चांद्रयान-३ नुकतंच चंद्रावर उतरलं होतं, त्यामुळे अ‍ॅबस्ट्रॅक्टचा पाऊस पडला होता. २०१२ च्या मे महिन्यात काटोलला पडलेल्या अशनीवर काम करणारी मुलं होती. त्या अशनीत ब्रिजमनाइट सापडलं आहे, म्हणजे पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात ज्याचा सर्वांत मोठा वाटा आहे ते खनिज आकाशातून आपल्या नागपूर जिल्ह्यात येऊन पडलं. २०२२ मध्ये गुजरातेत दियोदरला पडलेल्या दुर्मीळ ऑब्राइटवर बोलणारे होते. सगळा बुधवार लोणारला दिला तर यांतल्या पंचवीसएक जणांना भाषणाऐवजी पोस्टर घ्यावं लागणार. “तरुण मुलांची संधी आपण सहलीत घालवायची का?” मी विचारलं. सहल हा शब्द मी मुद्दाम वापरला.

दुसऱ्या बैठकीत मी कायदा काढला. लोणार हे २००० सालापासून वन्यजीव अभयारण्य आहे. दगड उचलायचा नाही, हातोडी चालवायची नाही. भूवैज्ञानिकाला तिथं नेऊन हातोडी काढून घ्यायची म्हणजे सुगरणीला स्वयंपाकघरात उभं करून हात बांधायचे.

तिसऱ्या बैठकीत मी पर्यायच ठेवला: वेरूळ. अर्ध्या-पाऊण तासावर, जागतिक वारसा, तिकीटखिडकी, पाणी, स्वच्छतागृह, सगळं जागेवर. आणि कैलास लेणं दख्खनच्या बेसाल्टमध्येच कोरलेलं आहे, तेव्हा भूशास्त्रही झालं! सगळे हसले. मलाही वाटलं, काम झालं.

खरं कारण असं होतं की मी मेहकरची आहे.

मेहकरहून लोणार पंचवीसएक किलोमीटर. वडील शाळेत शिक्षक, मावशी लोणारला दिलेली. नवरात्रात कमळजादेवीच्या यात्रेला आम्ही मावशीकडं जायचो आणि विवराच्या काठावरून झाडीतली पायवाट उतरून खाली तळ्यापर्यंत जायचो. उतरताना आधी वास यायचा, नासक्या अंड्यासारखा. पाण्यात हात घातला की साबण लावल्यासारखा बुळबुळीत लागायचा. ते पाणी खारट तर आहेच, शिवाय त्याचा सामू दहाच्या आसपास असतो, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. तेव्हा आम्हाला माहीत होता तो लवणासुर. विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, हा खड्डा त्याचा. गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात आम्ही थंड फरशीवर बसून चिवडा खायचो.

मग मी पुण्याला शिकायला आले. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात कोणीतरी विचारलं, कुठली तू? मी लोणारचं नाव घेतलं तर समोरची म्हणाली, “तिथं काय आहे? नुसता खड्डा ना?” त्यात वाईट काही नव्हतं. पण त्यानंतर मी ‘विदर्भातली’ एवढंच सांगू लागले. बोलण्यातलं ‘मले-तुले’ गेलं, ‘काहून’ गेलं. अशनींतल्या समस्थानिकांवर काम करू लागले, परदेशांत जाऊ लागले आणि आंतरराष्ट्रीय म्हणजे काय याची एक कल्पना डोक्यात पक्की बसली: असं सभागृह, जिथं गेल्यावर आपण कोणत्या देशात आहोत हे कळता कामा नये. वातानुकूलन सारखं, कॉफी सारखी, गळ्यातली पट्टीही सारखी. माझी परिषद अशीच व्हावी असं मला वाटत होतं. पाहुण्यांनी विमानतळ, हॉटेल, सभागृह एवढंच पाहावं आणि खूश होऊन जावं. लोणारच्या बसस्थानकाचा परिसर, काठावरच्या प्लास्टिकच्या बाटल्या, पाण्याचा वास यांतलं काही त्यांच्या नजरेला पडू नये. घरी पाहुणे आले की आतल्या खोलीचं दार ओढून घेतो, तसं मी लोणारचं दार ओढून घेत होते.

यातला दुटप्पीपणा मला माहीत नव्हता असंही नाही. काही वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका परिषदेनंतर मी मुद्दाम नॉर्डलिंगेनला गेले होते. रीस या २४ किलोमीटर व्यासाच्या विवरात वसलेलं हे गोलाकार तटबंदीचं गाव. जवळजवळ दीड कोटी वर्षांपूर्वीच्या आघातानं तिथं स्यूवाइट नावाचा खडक तयार झाला, आणि पुढं माणसांनी त्याच खडकाचं चर्च बांधलं. १९६० मध्ये यूजीन शूमेकर तिथं आला, तेव्हा रीस हे ज्वालामुखीचं विवर आहे असंच बहुतेकांचं मत होतं. त्यानं स्यूवाइटचे नमुने अमेरिकेत पाठवले, त्यांत कोएसाइट सापडलं, आणि ज्वालामुखीचा सिद्धान्त मोडीत निघाला. कारण हे खनिज व्हायला लागणारा दाब भूपृष्ठावर केवळ आघातानंच येऊ शकतो. पुढं अपोलो १४ चे अंतराळवीर खडक ओळखायला शिकण्यासाठी तिथं आले. मी त्या चर्चच्या भिंतीचे फोटो काढले, हात लावून पाहिला, मनोऱ्यावर चढले आणि रात्री मैत्रिणींना लांबलचक पत्र लिहिलं. विवरात राहणारी माणसं, विवराच्या दगडाचं देऊळ, काय भाग्यवान गाव! दैत्यसूदनाची फरशी मला तेव्हा आठवलीसुद्धा नाही.

तीन बैठका मी जिंकले. चौथ्या वेळी मतदान झालंच नाही. सरांनी माझ्या नकळत नोंदणीच्या फॉर्ममध्ये एक ओळ घातली: बुधवारी लोणारला यायला आवडेल का? निम्म्याहून अधिक लोकांनी हो म्हटलं. दोघांनी तर लिहिलं की लोणार असेल तरच इतक्या लांब येण्यात अर्थ आहे. त्यांचंही बरोबर होतं. मंगळ घ्या, चंद्रावरचे सपाट काळे प्रदेश घ्या, सगळा बेसाल्ट आहे, आणि त्यावर विवरंच विवरं. पृथ्वीवर मात्र बेसाल्टमध्ये झालेली आघातविवरं मोजकीच सापडली आहेत आणि त्यांत लोणार सर्वांत सुस्थितीतलं. अ‍ॅरिझोनाचं प्रसिद्ध विवर चुनखडी आणि वालुकाश्मातलं आहे. मंगळावर जाता येत नसेल तर मंगळाच्या विवराचा नमुना पाहायला माझ्या मावशीच्या गावी यावं लागतं. हे मला पाठ होतं. वर्गात शिकवतही होते.

हरल्यावर मी काय केलं? रकाने भरले. दोन बस, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, प्रथमोपचाराची पेटी, वनखात्याचं पत्र. स्वच्छतागृहांची चौकशी करायला लोणारला फोन लावत होते, त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. पेपरात बातमी आली होती.

“काव वं पोरी, तुह्या खड्ड्याचे सायब येऊन राह्यले म्हन्ते. किती पानं मांडू?”

“कोणी येत नाही गं मावशी,” मी म्हटलं. “त्यांना वेळ नाही.”

बुधवारी पहाटे सहाला बस निघाल्या. समृद्धी महामार्गानं मेहकरच्या फाट्याला उतरलो तेव्हा मी माईकवर दख्खनच्या लाव्हाथरांबद्दल सांगत होते. हे माझं गाव, असं म्हणाले नाही. लोणारात शिरताना बस मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी हळू झाली. मी खिडकीकडं पाठ करून बोलतच राहिले.

मला ज्याची भीती होती ते सगळं झालं. काठावर प्लास्टिक होतं आणि एका पाहुण्यानं त्याचा फोटो काढला. तासाभरात एका जपानी विद्यार्थिनीला स्वच्छतागृहाची निकड लागली आणि जवळचं बंद निघालं. मावशीचं घर पाच मिनिटांवर होतं. मी त्या मुलीला गाडीत घालून लांबच्या एका हॉटेलवर नेलं. हे लिहिताना आजही कान तापतात.

परत आले तर मंडळी काठावर नव्हती. आमच्याकडं पीएच.डी. करणारा एक मुलगा त्यांना विवराच्या बाहेर, अभयारण्याच्या हद्दीपलीकडं, एका जुन्या खोदलेल्या जागेपाशी घेऊन गेला होता. त्या मुलाचं अ‍ॅबस्ट्रॅक्ट मी पोस्टरमध्ये टाकलं होतं, तेही दाराजवळच्या कोपऱ्यातल्या फळ्यावर. चित्र पाहण्यासारखं होतं. दहा-बारा देशांची माणसं एका बांधासारख्या उंचवट्याच्या कापलेल्या कडेपुढं गुडघ्यांवर बसली होती, नाक मातीला टेकवून. खाली काळी माती, आपली साधी कापसाची काळी माती. तिच्यावर विवरातून उडून पडलेला दगडगोट्यांचा, मुरमाचा थर. म्हणजे आघाताच्या दिवशी जी जमीन होती ती खाली जशीच्या तशी झाकली गेली आहे आणि तिच्या डोक्यावर उखडलेला दगड आहे. त्या थरात मधूनमधून काळपट, फेसाळ काचेचे तुकडे. बेसाल्ट वितळून, हवेत उडून, झटकन थिजून झालेले.

आणि तिथं वाद पेटला होता.

लोणारचं वय हा आमच्या क्षेत्रातला चिघळलेला प्रश्न आहे. तापदीप्तीच्या पद्धतीनं ते सुमारे ५२ हजार वर्षं आलं आहे. आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीनं २०११ साली ते ५ लाख ७० हजार वर्षं आलं. दहापटीहून जास्त फरक. एका हिशेबानं हा स्फोट माणसानं पाहिला असण्याची शक्यता आहे, दुसऱ्या हिशेबानं आपली जातच तेव्हा जन्मली नव्हती. ज्यांनी ही वयं काढली ते आमच्या बसमध्ये नव्हते, पण दोन्ही पद्धतींनी काम करणारं एकेक माणूस होतं: आर्गॉनवाली एक बाई आणि तापदीप्तीवाला एक गृहस्थ. सोमवारी एकाच सत्रात दोघं बोलले होते. तीन मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत दोघांनी एकमेकांचे आभार मानले होते आणि सत्राध्यक्षानं घंटी वाजवली होती. माझं वेळापत्रक एका मिनिटानंही चुकलं नव्हतं.

इथं घंटी नव्हती. त्या गृहस्थानं मातीत रुतलेल्या काचेच्या एका तुकड्यावर भिंग धरलं आणि बाईला बोलावलं. काचेच्या आत तिळाएवढे पांढरे ठिपके होते, न वितळलेल्या फेल्डस्पारचे. हा दगड मूळचा साडेसहा कोटी वर्षांहून जुना. त्याच्यातला जुना आर्गॉन पूर्ण निघून गेला नसेल तर तुमचं घड्याळ पुढं गेलेलं दिसणार, काचेचं वय खऱ्यापेक्षा जास्त येणार. बाई म्हणाली की हे ती हिशेबात धरते, आणि कसं धरते ते तिनं मुरमावर काडीनं आलेख काढून दाखवलं. मग तिनं उलटा प्रश्न केला. तुमचं घड्याळ तर उष्णतेनं पुन्हा शून्यावर येतं. जमिनीवर सुटा पडलेला तुकडा कधी तापलाच नसेल कशावरून? इथं वणवे लागतात का?

सगळ्यांनी त्या मुलाकडं पाहिलं. तो बंगालचा, त्याला माहीत नव्हतं.

“वणवे नाही,” मी म्हटलं, “पण पराट्या जाळतात.”

आता पराट्या म्हणजे काय हे इंग्रजीत सांगणं आलं. कापूस वेचून झाला की वाळलेली झाडं उपटायची, काही चुलीसाठी न्यायची, उरलेल्यांचे उन्हाळवाहीच्या आधी शेतात ढीग करून जाळायचे. तुरीच्या तुराट्यांचंही तेच. ढीग दरवर्षी त्याच जागी नसतो. रात्री लांबून शेतं पेटलेली दिसतात. सकाळी राख पसरतात. आम्ही मुलं त्या निवलेल्या राखेत काड्या फिरवायचो आणि कधी काळे, हलके, भोकंभोकं पडलेले दगड सापडायचे. ते पाण्यावर तरंगतात का हे पाहायचो.

ते दगड काय असावेत हे बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं आणि मी थांबले.

“तुम्हाला हे सगळं कसं माहीत?” बाईनं विचारलं.

“मी इथलीच आहे,” मी म्हटलं. “पंचवीस किलोमीटरवरची.”

सर माझ्याकडं पाहत होते. त्यांनाही हे माहीत नव्हतं.

पुढचे दोन तास आम्ही तिथून हललो नाही. जेवणाची पाकिटं तिथंच उघडली. प्रश्न बदलला होता. कोणतं वय बरोबर, हे मागं पडलं. कोणता तुकडा, कोणत्या थरातला, उघड्यावरचा की गाडलेला, शेताच्या कोणत्या कडेचा, इथपर्यंत बोलणं आलं. नुसत्या पराट्यांनी पाच लाखांचे पन्नास हजार होत नाहीत, हे मला ठाऊक आहे. या पद्धतीचे लोक नमुना घेताना अशा शंका धरूनच चालतात. उत्तर त्या दिवशी मिळालं नाही, आजही मिळालेलं नाही. पण गेली वीस वर्षं मी अशनींवर काम करते, आणि माझ्या लहानपणातली एक गोष्ट या विषयात विचारात घ्यायची बाब असू शकते हे मला तोवर एकदाही सुचलं नव्हतं. कारण लहानपणाच्या त्या खोलीचं दार मीच ओढून घेतलं होतं. पाहुण्यांच्या नजरेपासून जे लपवत होते ते माझ्यापासूनच लपून बसलं होतं.

म्हणून जागेवर गेलं की सत्य कळतं, असं मी म्हणणार नाही. बदललेल्या मताचा उत्साह असतो, त्यात माणूस दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. त्यावर माझ्याकडं एक उतारा आहे: ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट. अमेरिकेतला त्या काळचा अव्वल भूवैज्ञानिक. १८९१ साली तो अ‍ॅरिझोनाच्या विवरावर स्वतः गेला. आघात झाला असेल तर लोखंडी गोळा खाली गाडलेला असणार, होकायंत्राला तो कळायला हवा. आणि उडालेला मालमसाला खड्ड्यात परत भरला तर गोळ्याच्या आकारमानाइतका तो जास्त भरायला हवा. दोन्ही कसोट्या त्यानं प्रामाणिकपणे लावल्या, दोन्ही उलट गेल्या, आणि त्यानं निकाल दिला की हे वाफेच्या स्फोटाचं विवर आहे. जागा पाहिली, मोजमाप केलं, तरी चुकला. इतक्या वेगानं आदळणारा गोळा शाबूत उरत नाही, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. १८९६ मध्ये याविषयी लिहिताना त्यानं लोणारशी असलेलं साम्य नोंदवलं. लोणार तर लाव्हाच्या पठारातच, तेव्हा तेही ज्वालामुखीचं असणार असं पुढं कितीतरी वर्षं मानलं जात होतं. माझ्या गावच्या खड्ड्यानं अशी चुकीच्या बाजूनं साक्ष दिली. अ‍ॅरिझोनाचा निकाल १९६० मध्ये कोएसाइटनं फिरवला. लोणारच्या तळ्याखाली भोकं पाडून काढलेल्या खडकांत मास्केलिनाइट मिळालं, म्हणजे आघाताच्या दणक्यानं काच झालेलं फेल्डस्पार. १९७३ मध्ये ते ‘सायन्स’मध्ये छापून आलं आणि लोणारचाही प्रश्न सुटला.

तेव्हा उत्तर शेवटी प्रयोगशाळेतच मिळतं. पण प्रयोगशाळेत काय घेऊन जायचं, हे काठावर ठरतं. आणि परिषद उत्तरं वाचून दाखवायला भरवायची की पुढचे प्रश्न ठरवायला, यावर माझं मत बदललं आहे. मिनिटांचा हिशेब मी चुकीचा केला नव्हता. पंधराला पंधरा जोडत गेलं की तेवढेच निबंध होतात. चूक ही होती की तेवढी एकच गोष्ट मी मोजत होते.

परिषद संपल्यावर आठवड्यानं मी एकटीच लोणारला गेले. मावशीनं पेपरातला फोटो कापून आरशाच्या कडेला खोचून ठेवला होता. कापलेल्या कडेपुढं वाकलेली माणसं, एकाचाही चेहरा दिसत नव्हता.

“हे तू,” तिनं बोट ठेवलं.

“कशावरून?”

“तुही वेनी मले वयखू येत नाई का?” मग चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, “बस गेली तवा मी दारातच व्हती.”

मी काही बोलले नाही. तीही पुढं काही बोलली नाही. पोहे केले, तेलाची धार नेहमीपेक्षा सढळ होती.

पुढच्या परिषदेची पहिली बैठक मागच्या महिन्यात झाली. या वेळी लोणारची चौकट मी स्वतः भरली, आणि बुधवारी नाही, मंगळवारी, दुसऱ्या दिवशी. म्हणजे काठावर सुरू झालेली भांडणं पुढचे तीन दिवस सभागृहात नीट भांडता येतील. भाषणं कमी केली आहेत. पोस्टरच्या फळ्यांना चांगली जागा दिली आहे, दाराजवळचा कोपरा चहासाठी ठेवला आहे. फिरत्या स्वच्छतागृहांची गाडी बसच्या आधी पोचेल. आदल्या संध्याकाळी लोणारच्या शाळेत एक व्याख्यान ठेवलं आहे, मराठीत. पराट्या नेमक्या कुठं, कधी, किती जाळतात हे तिथल्या शेतकऱ्यांना विचारून लिहून घ्यायचं कामही त्या बंगाली मुलानं सुरू केलं आहे. तो आता पराटी आणि तुराटी यांतला फरक माझ्यापेक्षा नीट सांगतो.

समितीत नवा खजिनदार आला आहे, हुशार पोरगा. त्यानं माझी चौकट पाहिली आणि शांतपणे हिशेब मांडला. इतके निबंध जातील, इतका खर्च वाढेल, अभयारण्यात दगडाला हातही लावता येत नाही, त्यापेक्षा वेरूळ का नको? माझेच मुद्दे, माझ्याच क्रमानं. मला एकदम त्याची कणव आली.

“तुमचं गाव कोणतं हो?” मी जरा मऊ आवाजात विचारलं.

“ठाणे,” तो म्हणाला. “का?”

म्हणजे त्याचं कारण खरोखरच वेळेचं होतं. मग मला नीट उत्तर द्यावं लागलं, आणि ते अजून पुरतं देऊन झालेलं नाही. पुढच्या बैठकीत मतदान आहे.

मावशीला मी सांगून टाकलं आहे की लोक येणार आहेत, आणि दोन बसची माणसं तुझ्या ओसरीत मावणार नाहीत, दहा-बारा जणांचं तेवढं बघ. तिनं आकडा मान्य केला नाही. तिची अडचण वेगळी आहे. त्यांना ठेचा चालतो का, हे तिला आधी कळायला हवं. आहाराच्या रकान्यात वीगन आणि ग्लुटेनच्या खाली मी एक ओळ वाढवली आहे.